ग्रुपवरचे जोडलेले हात

आदरणीय अध्यक्ष यज्ञेश्वरजी, कारखान्याच्या कामातून वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे सुभाषचंद्र साहेब, मधोमध बसवल्यामुळे अवघडून गेलेले आजचे सत्कारमूर्ती चिरंजीव स्वानंद, त्यांच्या शेजारी त्यांच्या सौभाग्यवती अनुया, पहिल्या रांगेतल्या आमच्या लीलाकाकू, झाशी शहरातली आणि कारखान्याच्या कॉलनीतली समस्त मराठी मंडळी, आणि जिला मराठी सगळं समजतं पण बोलायला सांगितलं की 'बुआ, पानी पीकर आते हैं' म्हणून जी पळते, ती आमची नवी पिढी, सर्वांना शशिकलेचा नमस्कार.

निरोपाच्या भाषणात माणसाचे गुण सांगायचे असतात, असं अध्यक्षांनी मला बजावलं आहे. गुण मी सांगणार आहेच. पण आधी थोडं भांडून घेते, कारण उद्या हा गाडीत बसला की भांडायला कोण मिळणार? स्वानंद इतकी वर्षं आपल्या कारखान्यात ट्रान्सफॉर्मर बनवत होता. आता चालला आहे बंगळुरूला, एका इंटरनेट कंपनीत. काय करते ही कंपनी? तर दहा मिनिटांत घरी कोथिंबीर पोहोचवते. साहेब, तुमच्यासमोर बोलते, राग मानू नका. अख्ख्या गावाला वीज देणाऱ्या यंत्रावर ज्याने सही केली, तो माणूस आता कोथिंबिरीच्या मागे लागणार. मी विचारलं, अरे, कोथिंबिरीला एवढी कसली घाई? तर म्हणतो, मावशी, कोथिंबिरीला नाही, गिऱ्हाइकाला घाई असते. मी आजवर इतक्या भाज्या केल्या, पण कोथिंबिरीवाचून कोणी दगावल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

याचं हे वेड जुनंच आहे. अमेरिकेत कुणी एक गृहस्थ साधा टीशर्ट घालून मंचावर उभा राहतो आणि सांगतो की यंदा फोनची कड आम्ही गोल केली. हा ते कीर्तनाला बसल्यासारखा ऐकतो आणि मान डोलावतो. दोन वर्षांपूर्वी कड चपटी केली होती, तेव्हाही यानेच मान डोलावली होती. फोनच्या पाठीवर आता गॅसच्या शेगडीसारखे तीन-तीन डोळे आले आहेत, त्यावर याचं आणि माझ्या भाच्याचं, तेजसचं, तासभर भांडण चालतं. दोघांचे पंथ वेगळे. एकमेकांच्या फोनला हात लावत नाहीत, सोवळ्यातल्या बाईने ओवळ्याला लावू नये तसे. आणि पेटी उघडली तर आत चार्जर नाही. का नाही? तर पृथ्वीचं रक्षण. आपल्या मानिक चौकात कुणी कुलूप विकून 'किल्ली अलग से' म्हटलं असतं, तर त्याचा शुद्ध बुंदेलीत उद्धार झाला असता. इथे मात्र लोक रांग लावतात.

मी सारी नोकरी छावणीतल्या एका कार्यालयात टंकलेखन करण्यात घालवली. माझ्या यंत्राची टकटक पार बाहेरच्या व्हरांड्यात ऐकू जायची, आणि साहेब म्हणायचे, 'शशिकलाजी, ज़रा धीरे.' स्वानंदने गेल्या वर्षी एक कीबोर्ड मागवला. किंमत सांगत नाही, अनुया शेजारीच बसली आहे. त्याचं वैशिष्ट्य काय? तर तो टकटक वाजतो. जो आवाज केल्याबद्दल मी जन्मभर बोलणी खाल्ली, तो आवाज हा मुलगा पैसे मोजून विकत घेतो आणि मला म्हणतो, मावशी, बोटांना सुख लागतं.

अहो, आणि एकदा मी फोनवर गुडघ्याचं तेल शोधलं. एकदाच. त्यानंतर बातम्या उघडा, तेल. भजन लावा, आधी तेल. आमच्या गल्लीतल्या बायकांना माझा गुडघा दुखतो हे कळायला निदान दोन दिवस लागले असते, आणि कळल्यावर कुणीतरी शेक तरी दिला असता. मी स्वानंदला म्हटलं, हे यांना कुणी सांगितलं? तो म्हणाला, तुम्हीच 'मान्य आहे' वर बोट ठेवलंत. खरं आहे. लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हाही मी इतक्या चटकन हो म्हटलं नव्हतं.

असो. अध्यक्ष घड्याळाकडे पाहत आहेत. मुद्द्यावर येते.

मुद्दा असा की या मंडळात दोन गावं राहतात. एक आम्ही शहरवाले. पूर्वज कारभारी म्हणून, भिक्षुक म्हणून इथे आले, राहिले, आणि आता दतिया गेटच्या आत-बाहेर आमची घरं आहेत. घरात आम्ही अजून 'फडताळ' म्हणतो आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की 'काए भैया' म्हणतो. दुसरे कॉलनीवाले. नोकरीवर महाराष्ट्रातून येतात आणि बदली झाली की जातात. त्यामुळे आम्ही त्यांना प्रेमाने वागवतो, जेवू घालतो, आणि मनातून पाहुणे समजतो. हे कुणी बोलत नाही, पण आज मी बोलते.

स्वानंद आला आणि त्याला वाटलं की ही दोन गावं फोनवर एक करता येतील. त्याने मंडळाचा ग्रुप काढला. सगळ्यांना त्यात घातलं, यज्ञेश्वरजींना त्यांच्या संमतीशिवाय घातलं. मग गणपती आले. आपल्याकडे गणपतीचं बोलावणं म्हणजे हळद-कुंकू लावलेले तांदूळ घेऊन घरोघर जायचं, चौकटीशी उभं राहून अक्षत द्यायची आणि म्हणायचं, सहकुटुंब यावं. स्वानंद म्हणाला, कशाला एवढा त्रास? त्याने त्या नव्या लिहिणाऱ्या यंत्राकडून निमंत्रण लिहून घेतलं. काय ती भाषा! 'आपल्या पदस्पर्शाने सोहळा पुनीत व्हावा.' आमच्या घरी तीन जणांनी मिळून वाचलं आणि पत्र पुण्याहून आलं असावं असं ठरवलं. ते ग्रुपवर पडलं आणि बघता बघता खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. स्वानंदने ते हात मोजले. ऐंशी. ऐंशी माणसांचे मोदक सांगितले.

त्या संध्याकाळी या हॉलमध्ये कॉलनीची मंडळी आली. शहरातून एक माणूस नाही. खुर्च्या रिकाम्या, समया लावलेल्या, आणि हा दर पाच मिनिटांनी दाराशी जाऊन रस्ता पाहतोय. कार्यक्रम फोनवरून थेट दाखवायची सोयही यानेच केली होती. तर शहरातली सगळी घरं आपापल्या पलंगावर बसून ते पाहत होती, आणि आरती सुरू झाली तशी पडद्यावर पुन्हा हातच हात जोडले गेले. मी गुडघ्यामुळे घरी होते, मीही पाहिलं. एवढा मोठा मुलगा, पण मोदकांच्या परातीजवळ उभा राहून त्याने डोळे पुसले. फोनला तीन डोळे असल्यामुळे ते सगळ्यांना स्वच्छ दिसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर एकच ओळ आली, स्वानंद बाहेर पडला. पूर्वी मराठी माणूस सभात्याग करायचा तेव्हा निदान खुर्ची तरी वाजायची. आणि गंमत बघा, ग्रुपचा एकुलता एक चालक गेला की ती ग्रुपवाली कंपनी आपल्या मर्जीने दुसऱ्या कुणाला तरी गादीवर बसवते. गादीवर कोण बसणार हे कंपनीने ठरवायचं, हा प्रकार झाशीला नवा नाही, मागच्या वेळी आम्ही तो ऐकून घेतला नव्हता. यंदा गादी मिळाली यज्ञेश्वरजींना. त्यांना पत्ताच नाही. त्यांनी चष्मा नसताना दोन-चार ठिकाणी बोट लावलं आणि स्वतःच्या जावयाला मंडळाबाहेर काढलं. यज्ञेश्वरजी, जावई परत आले ना आत? आले म्हणतात. बरं झालं.

मी रिक्षा करून कॉलनीत गेले. अनुयाने दार उघडलं, हा आत बसून होता.

"मावशी, ऐंशी जणांनी हात जोडले होते," हा म्हणाला. "यायचं नव्हतं तर नाही म्हणायचं."

"अरे, हात जोडले म्हणजे येतो असं नाही. हात जोडले म्हणजे निरोप पोहोचला, आता माणूस पाठवा."

"हे कुठे लिहिलंय?"

"कुठेच नाही. म्हणून तुझ्या यंत्राला सापडलं नाही."

मग मी त्याला शहरात लीलाकाकूंकडे घेऊन गेले. काकू, तुम्ही समोर आहात, चुकलं तर सांगा. याने विचारलं, काकू, तुम्ही का नाही आलात? काकू म्हणाल्या, "आम्हांला बोलावणंच आलं नाही. बोलावल्यावाचून जायला आम्ही काय बाजारबुणगे आहोत?" हा म्हणाला, बरं, पुढच्या वर्षी मी स्वतः अक्षत घेऊन येतो. तर काकू शांतपणे म्हणाल्या, "तू कसा देशील? अक्षत घरचा माणूस देतो. तू पाहुणा आहेस बाळा, चहा घे."

याने चहा घेतला. बाहेर येऊन स्कूटर सुरू केली. मग म्हणाला, "मावशी, कोथरूडला माझं घर विकून झालं. तिथे मी आता भाडेकरूही नाही. इथे पाहुणा. मग मी घरचा कुठला?" मी म्हटलं, आधी स्कूटर चालव.

पुढच्या वर्षी अक्षत मी दिली आणि स्कूटर याने चालवली. हा खाली उभा राहायचा. पण खाली उभा राहू देईल ती झाशी कसली? पहिल्याच घरून हाक आली, 'अरे भैया, तुम वही मोबाइलवाले हो न? ज़रा ऊपर आना.' कुणाचा टीव्ही रुसला होता, कुणाच्या नातीचा चेहरा फोनवर उलटा दिसत होता, कुणाच्या पेन्शनवाल्या संकेतस्थळाला आजोबा जिवंत आहेत हे पटत नव्हतं. मी अक्षत देऊन मिनिटात मोकळी, आणि हा आत चौरंगावर बसून तासभर कुणाला तरी पटवतोय की बक्षीस लागल्याचा निरोप आला तर फोनवर आलेला गुप्त अंक कुणाला सांगायचा नाही. बोलावण्याला एका दिवसाऐवजी आठवडा लागला. त्या गणपतीला हॉलमध्ये बसायला जागा नव्हती, आणि अध्यक्ष सोडून सगळ्यांना मोदक मिळाले.

त्याच्या पुढच्या वर्षी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. याने मला विचारलं, कोण जाणार? मी म्हटलं, अनुयाला घे आणि जा. गेले दोघं. सगळीकडे झालं, शेवटी लीलाकाकूंचं दार. काकूंनी विचारलं, "कुणाकडून आलास?" हा म्हणाला, मंडळाकडून. काकू म्हणाल्या, "मंडळ हे कुणाचं घर?" आता कॉलेजात पहिला आलेला मुलगा, पण उभ्या उभ्या वाटीतले तांदूळ निवडायला लागला. शेवटी काकूच म्हणाल्या, "शशिकलेकडून आलास म्हण, आणि आत ये." त्यांनी अक्षत घेतली. पण घेतली ती माझ्या नावाची. त्याने घरी येऊन मला हसत हसत सांगितलं. मी काही त्याच्या हसण्याला फसले नाही.

तेव्हापासून दर वर्षी हेच चाललं आहे. हिंडतो हा, आणि नाव माझं.

आता आजचं सांगते. आजच्या समारंभाचा निरोप ग्रुपवर टाकता येत नव्हता. ग्रुपची गादी यज्ञेश्वरजींनी कधीच याला परत दिली आहे, याने वाचला असता. म्हणून गेले चार दिवस मी जुन्या रीतीने निघाले, नवा गुडघा घेऊन. मानिक चौक, दतिया गेट, छावणीतली दोन घरं, मग कॉलनी. प्रत्येक चौकटीशी तांदूळ दिले. बघा, हॉल भरला आहे, मागे मुलं खिडकीत बसली आहेत.

पण काल अनुयाचा फोन आला. हळू आवाजात म्हणाली, "मावशी, शेजारच्या सगळ्या दारांवर अक्षत आली, आमच्याकडे नाही आली. विसरलात का? हे सामान बांधताना दाराकडेच बघतायत."

विसरले नव्हते, अनुया. सत्कारमूर्तीलाही अक्षत जाते, ही रीत मला ठाऊक आहे, गुपित राहावं म्हणून ते घर शेवटी ठेवलं होतं. वाटी घेऊन मी निघालेही होते. वाटेत लीलाकाकूंकडे थांबले आणि म्हटलं, काकू, आता शेवटचं घर, स्वानंदचं. काकूंनी माझ्या हातातली वाटी काढून घेतली आणि आपल्या देवघरात ठेवून दिली. म्हणाल्या, "शशे, वेडी का तू? घरच्या पोराला कुणी अक्षत देतं होय?"

अध्यक्ष महोदय, प्रमुख पाहुणे, तुम्ही वेळ दिलात, मंडळींनो, तुम्ही गुडघे आणि कामं बाजूला ठेवून आलात, सगळ्यांचे आभार. बोलताना माझी जीभ दोन ठिकाणी घसरली असेल आणि चार ठिकाणी मी ती मुद्दाम घसरवली असेल, दोन्ही पोटात घाला. ज्या कंपन्यांची मी निंदा केली त्यांचं माझ्यावाचून काही अडत नाही, त्यामुळे त्यांची क्षमा मागत नाही.

आणि स्वानंद, मला तू जाऊ नयेस असं वाटतं. हे सगळ्यांसमोर सांगते, पुढे तू म्हणायला नको की मावशीने कधी सांगितलं नाही. पण चालला आहेस तर एक नीट ऐकून ठेव. येत्या गणपतीला ग्रुपवर सगळ्यांना निरोप जाईल, घरोघर अक्षत जाईल. तुला बोलावणं येणार नाही. वाट बघत बसू नकोस, ये.