वीस डबे तेल

(सदाशिव पेठ, पुणे. ऑगस्ट २०१३, श्रावणातली दुपार.)

सुनीती : म्हणजे घरात वाटीभर तेल नाही आणि तुम्ही दहा टन विकलंत?

अनंत : विकलं नाही गं, वायदा केला. जुलैच्या भावाने ऑक्टोबरात दहा टन सोयातेल देईन, एवढाच करार. तोवर भाव उतरणार, मग आपण स्वस्तात घेऊन सौदा मिटवायचा. मधला फरक आपला.

सुनीती : उतरला?

अनंत : चढला.

सुनीती : मी वीस डब्यांचे पैसे दिले होते. दिवाळीच्या चकल्यांसाठी.

अनंत : तेच सौद्याची अनामत म्हणून भरले. अगं, वेधशाळेत पस्तीस वर्षं काढली मी! पाऊस भरपूर, म्हणून सोयाबीन भरपूर, म्हणून तेल स्वस्त. आणि पाऊस आलाच की!

सुनीती : मग घोडं कुठे अडलं?

अनंत : रुपया पडला. डॉलर अडुसष्टवर गेला. आपण खातो त्यातलं निम्मं तेल परदेशातून येतं. ते महागलं, त्याच्या मागोमाग सोयाही.

सुनीती : त्र्याहत्तर साली अरबांनी खनिज तेल महाग केलं, तर आपल्या मंडईत कोथिंबीर महागली. ट्रकने येते ना ती! मला तेव्हा कळलं. तुम्ही तेव्हाही आभाळाकडेच बघत होतात.

अनंत : रिझर्व्ह बँक काहीतरी करेलच. दलाल म्हणतो, आणखी थोडी अनामत भरा, रुपया सावरला की...

सुनीती : दलालाला किती घरी चकल्या पोचवायच्यात? मला साठ. आषाढातच दर ठरवून दिलाय मी. तुमच्यासारखाच वायदा, फक्त मला माल खरोखर द्यावा लागतो. लावा फोन. सौदा आत्ता मिटवा.

अनंत : तोटा पक्का होईल गं.

सुनीती : होऊ दे. उद्या तो मोठा होईल.

(अनंतराव फोन करून येतात.)

अनंत : मिटला. सहा डब्यांपुरते उरले.

सुनीती : मग दर वाढवावा लागणार. शब्द देऊन फिरवायचा, तोही पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. साठही घरांना तुम्ही फोन करायचा.

अनंत : मी? सांगू काय? रुपया घसरला म्हणून?

सुनीती : तेही सांगा. आधी डब्यांचे पैसे कुठे गेले ते सांगा.

अनंत : बरं. पहिला कुणाला लावू?

सुनीती : पद्मजाला. माझ्या बहिणीला सत्तेचाळीस वर्षं वाटतंय, तुम्ही फार हुशार आहात.