आबांनी पाडलेल्या खाचा

किरणची गाडी ड्रॅग रेसला का गेली नाही, ते मला विचारू नका. परत डोकं फिरेल.

इंदुरीच्या या किरणने जुनी स्पोर्ट्स कार घेतली आणि मागच्या चाकांच्या मापावरून आम्ही अख्खा पावसाळा भांडलो. मी म्हणत होतो रिम सतरा इंची, तो म्हणायचा पंधरा. रिम लहान घेतली की टायर उंच बसतो आणि गाडी सुटताना दबून रस्ता धरतो. शेवटी त्याचंच खरं झालं. पंधराच्या रिमवर रेसचे रुंद, गुळगुळीत टायर चढवले. त्यांना खाचा नसतातच, अख्खं रबर रस्त्याला चिकटावं म्हणून. चाकं गोठ्यात ठेवली.

रेसच्या सकाळी गेलो, तर किरण डोकं धरून बसलेला. दोन्ही टायरांवर ट्रॅक्टरसारख्या खाचा. शेजारी त्याचे वडील खुशीत उभे.

"आबा, हे काय?"

"दुकानदारानं पार गोटा झालेले टायर गळ्यात मारलते पोराच्या. उर्से टोलनाक्यापाशी नेऊन खाचा पाडून आनल्या."

"आबा, आम्ही मुद्दाम तसलेच शोधून आणले होते."

आबांनी आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"मुद्दाम? मग गावात कुनाला सांगू नका."