टीव्हीतली पट्टी

डहाणूच्या स्टँडवर सुक्या तलासरीच्या एसटीची वाट बघत बसला होता. शेजारी त्याच एसटीसाठी थांबलेली एक बाई नवऱ्याला झाडत होती.

“मेलेल्या टीव्हीतली एलईडीची पट्टी काढलीस, गाडीची बॅटरी जोडलीस. काजव्याएवढा तरी उजेड पडला?”

“जयवंती, आठ एलईडी आहेत. एकेकाला तीन व्होल्ट, म्हणजे चोवीस लागतात. आपली बॅटरी बाराची. अजून एक मिळाली की दोन्ही एकामागे एक जोडायच्या.”

“हे गाडीच्या वायरी तोडायच्या आधी नाही सुचलं? उद्या तुझ्या बहिणीचं लग्न. वीज गेलीय, कुडाला खिडकी नाही. सवाशिणी भिंतीवर लग्नाच्या चित्राचा चौक कशा लिहिणार, तुझ्या थोबाडाच्या उजेडात?”

“बॅटरी बघतोय ना.”

“तुला कोण देईल? तुझी कीर्ती पाड्यापाड्यात पोचलीय.”

“माझी घ्या,” सुक्या म्हणाला. “तलासरीतच घर आहे. बायको गेल्यापासून गाडी दारात उभीच आहे.”

“उभ्या गाडीची बॅटरी मेलेली असते, काका. याच्या टीव्हीसारखी.”

“नाही, पोरी. रोज सकाळी चालू करतो. बायकोला तयार होऊन बाहेर यायला जेवढा वेळ लागायचा, तेवढा वेळ चालू ठेवतो. मग बंद करतो.”