बांधापलीकडची मेंढरं

दादा असता तर हा किस्सा त्यानेच सांगितला असता, तोही माझी फजिती दुप्पट करून. भूकंपानंतरच्या साली, हादरे अजून चालूच होते, तेव्हा जळकोटच्या माझ्या मुरमाड रानाला खत मिळावं म्हणून मी धनगराला विनवून रात्रीपुरती मेंढरं बसवली. बांधापलीकडे दादाचं रान. दिवेलागणीला जमीन हलली आणि अख्खा कळप बांध ओलांडून दादाच्या रानात जाऊन बसला.

“बिचकलीत. आता सकाळपर्यंत उठत न्हाईत,” धनगर म्हणाला.

मी ओरडलो, “दादा, मेंढरं माझी हायेत!”

“मेंढरं धनगराची. लेंड्या माझ्या!” दादा हसून हसून बांधावर लोळला.

हिवाळ्यात त्याने हुरड्याला बोलावलं. गरम दाणे माझ्या तळहातावर ओतत म्हणाला, “लाजू नको, खा. तुझंच खत हाय.”