लाल बादलीला साबण लागला नव्हता

—नाही, ती पिशवी आधी खाली ठेवा आणि माझं ऐका. माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. कुणी म्हणजे कुणीच नाही. घरातल्यांनी नाही, गल्लीतल्यांनी नाही, आणि तुम्ही — हो, तुम्हीपण, मान काय हलवताय — तुम्हीपण फोनवर म्हणालातच ना, ‘साबण लागला असेल मग, साबणाने मरतातच मासे.’ बघायला आला होता का तुम्ही? तिकडे तुमच्या माशांच्या दुकानात पंख्याखाली बसून तुम्हाला कळलं, इथे सिडकोत माझ्या मोरीत काय चाललंय ते? ती बघा बादली. ती लाल. जवळ जाऊन बघा, हुंगून बघा हवी तर. तिच्यावर पांढऱ्या रंगाने काय काढलंय? वांगं दिसतंय ना? वांगं नाही ते, मासा आहे. माझ्या पोराने, साईने काढलाय डाव्या हाताने, कुणी चुकून तिच्यात कपडे भिजवू नयेत म्हणून. त्या बादलीला मी साबण लावेन? अहो, मी ती धुतलेल्या कपड्यांजवळसुद्धा ठेवत नव्हते. नळाचं पाणी तिच्यात भरायचं, एक दिवस तसंच उघडं ठेवायचं, म्हणजे त्यातलं औषध उडून जातं — हे तुम्हीच सांगितलं होतं साईला, आणि साईने मला. भरून कोण ठेवायचं? मी. आणि मीच मारले म्हणे.

बसा. चहा नंतर. दगडबिगड नंतर लावा, पेटी कुठे पळून जात नाही. तुम्ही साईला ओळखता, पण दुकानात येणारा साई ओळखता. त्याच्या आधीचा नाही माहीत तुम्हाला. हात बघितलाय ना त्याचा? उजव्या हाताची दोन बोटं अंबडच्या कंपनीत राहिली, प्रेसच्या मशीनखाली. कंपनीत याला कुणी लावलं, तर यांनी. आमच्या यांनी. साईला मोबाईल दुरुस्तीचं शिकायचं होतं, हे म्हणाले, खुळखुळे दुरुस्त करून पोट भरतं का, मी साहेबाशी बोललोय, सोमवारपासून चल. गेलं पोरगं. आणि मग ते झालं. दवाखान्यातून आल्यापासून आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडायचा. बोलायचा नाही. ताट ठेवलं तर जेवायचा, नाही ठेवलं तर तसाच. आणि हे? हे त्याच्या हाताकडे बघत नव्हते. खरंच सांगते, एकदा नाही बघितलं. जेवायला बसले तर पाठ करून बसायचे. पोराला वाटायचं, बापाला माझी किळस येते. मला माहीत होतं किळस नाही ती — पण मी कोण सांगणार? हे मोरीत नळ सोडून रडायचे, आणि बाहेर आले की मलाच म्हणायचे, डोळ्यात साबण गेला. तेव्हापासून या घरात सगळं साबणावरच जातं बघा.

तर एक दिवस पोरगं उठलं, तुमच्या दुकानातून ही काचेची पेटी रिक्षात घालून घेऊन आलं. मी ओरडले. हो ओरडले, खोटं कशाला बोलू. हॉलमध्ये डबकं करतो का, म्हटलं, डास होतील, डेंगू होईल, लाईटबिल कोण भरणार. सगळ्या गल्लीने ऐकलं. तेच नडलं मला पुढे — ‘आशाला ती पेटी नकोच होती’ असं माझ्याबद्दल म्हणायला सगळे मोकळे. पण मग मी बघायला लागले ना. हळूच, स्वयंपाकघराच्या दारातून. आधी ती काळी माती, मागे उंच, पुढे उतरती, शेताच्या बांधासारखी. वर दगड. मग तो ओंडका, आणि ओंडक्याला हिरवं शेवाळ दोऱ्याने बांधायचं. दोन बोटं नाहीत, दोरा कसा बांधणार? एक टोक दातात धरून बांधलं त्याने. मी पुढे झाले तर म्हणाला, तू नको. मग चिमट्याने गवत लावलं — केसाएवढं गवत, एकेक काडी, श्वास रोखून. लावायचा, ती वर तरंगायची. परत लावायचा. मी म्हटलं आता पेटी फेकतोय बाहेर. नाही फेकली. आणि मग एक दिवस म्हणाला, ‘आई, इकडे ये, पानं बुडबुडे सोडतायत.’ आई म्हणाला. किती दिवसांनी म्हणाला, ते मी तुम्हाला सांगत नाही. तुम्हाला काय करायचंय. मी गेले, तर खरंच, पानाच्या कडेला मण्यांसारखे बुडबुडे. त्या दिवसापासून मी त्या डबक्याला डबकं म्हटलं नाही.

पाणी सुरुवातीला पांढरट झालं होतं आठवतंय? तांदळाचं धुवण असतं ना, तसं. साई म्हणाला होईल आपोआप नितळ, दुकानवाले म्हणालेत थांबा, मासे घाई करून सोडू नका. तो थांबला. मीपण थांबले. पण या घरात एक माणूस असं आहे की ज्याला पाणी गढूळ दिसलं की चैन पडत नाही. ते पुढे सांगते.

मग मासे आणले. ते निळ्या-लाल पट्ट्याचे, लाईट लागली की चमकायचे. पारदर्शक कोळंब्या, गवतात बसून सारखं दोन्ही हातांनी खात राहायच्या, हावऱ्या मेल्या. गोगलगायी. सगळं नीट चाललेलं. आणि एका सकाळी बघतो तर गोगलगायी तळाला उलट्या. मग कोळंब्या पडायला लागल्या आडव्या. दुपारपर्यंत मासे वर येऊन तोंड वासायला लागले. साईने तुम्हाला फोन लावला, मोठ्या आवाजावर टाकला, आम्ही तिघंही पेटीपाशी उभे. तुम्ही काय म्हणालात ते मला शब्दाला शब्द पाठ आहे. तुम्ही म्हणालात, ‘साबण, झुरळाचा फवारा, नाहीतर तांबं — यातलं काही गेलंय का पाण्यात?’ तीन वस्तू. मोजून तीन. मी बघत होते ना — यांचं तोंड असं झालं, कुणी थोबाडीत मारल्यासारखं. आणि मग एकदम म्हणाले, ‘हिने साबण लावला असेल. आशाने. हिचा हात सदा साबणात.’ आणि तुम्ही तिकडून — साबण लागला असेल मग, साबणाने मरतातच मासे. ठेवलात फोन. झाला निकाल.

नाव घेऊन बोलले, लक्षात घ्या. हिने म्हणून थांबले असते तर घरातली गोष्ट घरात. पण नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाहेर ओट्यावर उभं राहून, येणाऱ्या-जाणाऱ्याला — आमच्या आशाने मारले हो पोराचे मासे. आशाने. समोरच्या गिरणीत दळण टाकायला गेले तर तो गिरणीवाला मला विचारतो, काकू, कुठला साबण हो? हसतोय. आणि मी, मी लग्न होऊन आले तेव्हापासून यांचं नाव तोंडातून काढलेलं नाही. उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. साईला दवाखान्यात नेलं तेव्हा त्या सिस्टरने विचारलं, पेशंटच्या वडिलांचं नाव? पोराचं रक्त गळतंय, आणि मी शेजारी उभ्या असलेल्या राखीला, माझ्या लेकीला, कोपर मारतेय — तू सांग. आमच्या येवल्याकडे आईने तसं शिकवलं, मी तसं केलं. काय मिळालं त्याचं? माझं नाव गिरणीपर्यंत गेलं.

आता सगळ्यात वाईट ऐका. मासे मेले त्यावर मी रडले नाही. पण त्या दिवसापासून साई माझ्याशी बोलत नाही. पुन्हा तेच. मी खोलीत गेले की कानात ती मोबाईलच्या गाण्यांची बोंडं घालतो. आत्तापण घालून बसलाय, म्हणून तर मी तुमच्याशी मोठ्याने बोलतेय, त्याला काही ऐकू जात नाही. आणि बापाशी? बापाशी बोलायला लागला! रात्री दोघं शेजारी बसून मॅच बघतात. हे त्याला चहा करून देतात — ज्या माणसाला साखरेचा डबा कुठाय ते माहीत नव्हतं, तो चहा करतो. परवा त्याचा तो हात हातात घेतला यांनी. मलम लावलं. मी दारातून बघितलं. आता सांगा, मी काय करायचं? अपघातानंतर बापलेक एकत्र बसले नव्हते, ते बसले. कशावर बसले? माझ्या पाठीवर बसले. पाट केला माझा.

थांबा, ही वाटी बघा. काय आहे? नाणी. नीट बघा. तांब्याची. मधे भोक आहे, ते जुने पैसे. हिरवी पडलीत. कुठे सापडली? तुमच्या त्या ओंडक्याखाली, मातीत रुतलेली. काल तुम्ही येणार म्हणून पेटी साफ करायला घेतली, सडलेलं गवत काढलं, ओंडका उचलला, तर मूठभर. माझ्या सासूच्या बटव्यातली आहेत ही. बटवा कुठे असतो, तर यांच्या पत्र्याच्या पेटीत. किल्ली कुणाच्या करगोट्याला, ते तुम्हीच समजा.

मूर्खपणा म्हणता? अहो तुम्हाला वाटेल मूर्खपणा. होळकर पुलावरून जाताना हा माणूस आजपर्यंत गोदावरीत नाणं टाकल्याशिवाय पुढे गेलेला नाही. रिक्षा असो, एस्टी असो, खिडकीतून हात बाहेर. आणि नाणं कसलं? आताची ही चकचकीत नाही चालत त्यांना, ते म्हणतात हे पत्रे आहेत, नदीला तांबं लागतं, तांब्याने पाणी शुद्ध होतं. घरातपण तांब्याच्या कळशीतलंच पाणी पिणार. तर ते पाणी धुवणासारखं दिसत होतं, यांना बघवलं नसेल. आणि नुसतं तेवढंच नाही. मी त्यांना एकदा पहाटे पेटीसमोर उभं बघितलं होतं, हात जोडून. मला वाटलं काचेत तोंड बघतायत. आता कळलं. नदीला मागतात तसं त्या पेटीला मागितलं — पोराचं बरं होऊ दे.

नाही, त्याचा राग नाहीच मला. टाकली ती टाकली. माझ्या बटव्यात असती तर मीपण टाकली असती, काय सांगावं. मला कुठे माहीत होतं तांब्याने कोळंबी मरते? पण तुमचा फोन झाला त्या रात्री यांच्या सदऱ्याची बाही कोपरापर्यंत ओली होती. मी विचारलं, तर म्हणाले पाय धुताना भिजली. पाय धुताना कोपर भिजतं का कुणाचं? पाण्यात हात घालून शोधत होते नाणी. नाही सापडली. म्हणजे माहीत होतं! माहीत असून दुसऱ्या दिवशी ओट्यावर उभं राहून माझं नाव घेतलं!

तर आता ऐका काय करायचं. पेटी नव्याने लावा. माती नवी, गवत नवं, जे काय लागेल ते. लावून झालं की साईला बाहेर बोलवा, आणि तुमच्या तोंडाने सांगा — साबण नव्हता. तांबं होतं. माझं ऐकणार नाही तो, तुमचं ऐकेल. पण कुणाचं तांबं, ते नाही सांगायचं. अजिबात नाही. म्हणा जुन्या ओंडक्यात असेल, दगडात असेल, माझ्याकडूनच चुकलं म्हणा, तुमचं काय जातंय. दोघं एकत्र मॅच बघतायत, बघू दे. मला फक्त पोराने एकदा आई म्हणावं, बाकी मी गिळते. गिळायची सवय आहे मला. नाही, तुम्ही खरंच सांगू नका, मी हात जोडते — अहो, तिकडे काय बघताय? माझ्याकडे बघा ना. काय —

साई. कधी आलास तू? पाणी प्यायला आलास? पी ना. हे आलेत, दुकानवाले, पेटी लावायला. कानातलं काढलंस... नाही रे, ती वाटी — ती काही नाही, ठेव ती खाली. जुनी नाणी आहेत. हो, आजीची. पेटीत सापडली, ओंडक्याखाली. काय? काय म्हणालास?

ऐकलं का दुकानवाले. म्हणाला, ‘आई, ही राखीने टाकली ना?’ आई म्हणाला. आणि लगेच राखी.

नाही साई. फोन ठेव. तिला लावू नकोस फोन. राखी त्या आठवड्यात आली होती, तिने हात लावला होता पेटीला, ते खरं. पण तिने नाही टाकली. तिचं नाव तोंडातून काढू नकोस. एका बाईचं नाव गिरणीपर्यंत गेलंय या घरातून, दुसरीचं मी तिच्या सासरी इगतपुरीपर्यंत जाऊ देणार नाही. तिच्याकडे बोट दाखवू नकोस, ऐक. बाबांनी टाकली असंही मी म्हणणार नाही. बाबा म्हटलं की तू मान खाली घालशील, परवा लावलेलं मलम आठवेल, आणि पुन्हा बघशील माझ्याकडे. त्यांनी माझं नाव घेतलं ना चारचौघांत? मग मीपण त्यांचं घेते.

दुकानवाले, तुम्हीपण ऐका, म्हणजे तिकडे दुकानात विचारलं कुणी तर सांगता येईल. आणि उचला ती पिशवी, जा, आज नाही लावायची पेटी. जा म्हणते ना.

सहादू.