बघायचा नाही तो भाग

नाही हो, हा चष्मा माझा नाही. माझा डोळ्यांवर आहे, त्याचंही बघायचंय तुम्ही, नंबर वाढलाय बहुतेक — पण आधी हा बघा. एका मावशीचा आहे. लांबची मावशी. तुमच्या त्या यंत्रात काच धरली की नंबर कळतो ना, तेवढाच सांगा. दुरुस्त करायचा नाही, नवाही करायचा नाही, नुसता नंबर. कशाला म्हणजे — असंच. तुम्ही बघा तर खरं, मी बसते इथे स्टुलावर, इथून रस्ता दिसतो. आमचे हे समोर चपलांच्या दुकानात आहेत, निळा सदरा, दिसले? मला नुसताच निळा ठिपका दिसतो. बुटाचा तळ सुटलाय त्यांच्या, तो शिवून होईपर्यंत वेळ आहे आपल्याला.

टीव्ही बघता का तुम्ही? ती जुनी मालिका आठवते? केंद्राच्या तपास खात्यातले दोघे अधिकारी, एक उंच आणि एक कायम सर्दी झालेला — गावच्या पोलिसांना प्रकरण झेपलं नाही की हे काळ्या गाडीतून यायचे आणि फौजदाराचं तोंड कडू व्हायचं. तीच. आमच्याकडे ती रोज दुपारी असते, चहाच्या वेळेला. ह्यांनी सगळी रेकॉर्ड करून ठेवली आहे, टीव्हीखालचं कपाट कॅसेटींनी नुसतं भरलंय. लग्न होऊन मी त्या घरात गेले — हो, या वयात, माझं पहिलंच, ह्यांचं दुसरं — तर पहिल्याच दिवशी मला सोफ्यावर बसवलं आणि म्हणाले, आता गप्प बसून बघ. मला वाटलं, चला, दारू नाही, पत्ते नाहीत, एक मालिका आहे, सांभाळून घेऊ. आणि खरं सांगते, मजा यायची. कोण सापडणार, कशामुळे सापडणार, हे आधीच सांगायचे. त्या अधिकाऱ्यांकडे ह्यांचं लक्षच नसायचं — लक्ष सगळं गुन्हेगारावर. त्यानं काही चूक केली की हळहळायचे, मांडीवर थाप मारून म्हणायचे, 'मूर्ख आहे, एवढं बोलायची काय गरज होती?' मी हसायचे. आपल्या नवऱ्याला किती कळतं, असं कौतुकच वाटायचं हो मला.

एकच भाग लावायचे नाहीत. त्याची पाळी आली की वगळून पुढचा. एकदा तोच भाग चॅनेलवर लागला, मी बघत बसले होते, तर हे आतून आले आणि बटण नाही, सरळ वायरच उपटली. म्हणाले, सेट तापलाय. मी हात लावून बघितला — गार होता. पण संसारात प्रत्येक गोष्टीला कुठे हात लावून बघत बसायचं, म्हणून सोडून दिलं. मग परवा-परवा हे दाताच्या डॉक्टरकडे गेले, घरात मी एकटी, आणि मला काय सुचलं कोण जाणे, मी ती कॅसेट शोधून लावली.

काही नाही हो त्यात. रक्त नाही, मारामारी नाही. एका माणसाची बायको बॅग घेऊन बहिणीकडे निघून गेलेली असते, परत येत नाही, सगळं गाव त्याची कीव करतं. दोघे अधिकारी त्याच्या घरी येतात. उंच अधिकारी प्रश्न विचारत असतो, आणि तो सर्दीवाला रुमाल शोधायला म्हणून फळीवरचं काहीबाही हलवतो, तर मागे बायकांचा चष्मा. सर्दीवाला तो उचलतो. तो चष्मा स्वतःच्या नाकावर चढवतो आणि दाराकडे चालायला लागतो — दोन पावलांत खुर्चीला अडखळतो. मग वळून त्या नवऱ्याकडे बघतो. बस. एवढंच. नवऱ्याच्या तोंडावरचा रंग उतरतो आणि भाग संपतो.

किती? मायनस तेरा. म्हणजे — तुमच्या भाषेत नको, माझ्या भाषेत सांगा. एवढा नंबर असलेल्या बाईला चष्म्याशिवाय काय दिसतं? स्वतःचा हात? तोही नाकाशी आणला तर. म्हणजे पहाटे उजाडायच्या आत, एकटीनं, बॅग घेऊन, फाटक उघडून, स्टँडपर्यंत चालत, पाटी वाचून बसमध्ये — नाही ना. मला वाटलंच. दुसरा चष्मा असेल म्हणता? मीही तेच म्हटलं. दोन दिवस मनाशी तेच म्हणत होते, की बाई घालून गेली असेल दुसरा, हा जुना राहिला असेल. जुना चष्मा घरात राहतोच की. पण जुना चष्मा कुणी कॅसेटच्या डबीत घालून, रुमालात गुंडाळून, सगळ्यात मागच्या रांगेत ठेवतं का? धूळ पुसताना खुळखुळली ती डबी, म्हणून उघडली मी.

हो. ह्यांच्या पहिल्या बायकोचा. मावशी-बिवशी काही नाही. तुम्ही का असे बघताय? चष्म्याकडे बघताय — काय झालं? ही काडी? ही चांदीच्या तारेची जोडणी — तुम्ही केलीत? तुमच्याच हातची आहे? बघा नीट. काडी तुटून आली होती... बरं... आणि ती इथेच बसून राहिली. ठेवून जा, संध्याकाळी न्या म्हणालात, तर नको म्हणाली. कारण तिच्याकडे दुसरा नव्हता. असं म्हणाली ती? तिच्याच तोंडून? 'दुसरा नाही माझ्याकडे, हा होईपर्यंत मी इथून हलू शकत नाही.' आणि कधीची गोष्ट — ती निघून गेली म्हणतात, त्याच उन्हाळ्यातली. त्यानंतर आलीच नाही. तुम्हाला वाटलं, बाई गाव सोडून गेली. सगळ्यांनाच वाटलं. ह्यांनी किती शोधलं म्हणे तिला, स्टँडवर फोटो दाखवत फिरले, पोलिसांत अर्ज दिला, दाढी वाढवली. लोक अजून सांगतात मला, किती सोसलंय बिचाऱ्यानं. मलाही तेच वाटून मी हो म्हटलं होतं, तुम्हाला सांगते. दयेनंच.

पाणी नको. बरी आहे मी. शिवून झाला का बूट? उभे आहेत अजून? बघत राहा तुम्ही, मला सांगा.

आता एवढं बोललेच आहे तर ऐका. डबी मी होती तशी ठेवली, आत रुमालात माझी जुनी काच-फुटकी चौकट घातली, खुळखुळायला हवी म्हणून. पण ह्यांना कळलंय. कसं कळलं, विचारू नका. चिडले नाहीत, उलट गोड वागतात. सकाळचा चहा स्वतः करून देतात — मी कुंडीत ओतते. काल कुंपणापाशी शेजारीण मला विचारते, बहिणीकडे कधी निघताय? मी म्हटलं, कोण बहीण? तर म्हणाली, तुमचेच मिस्टर सांगत होते, थोडे दिवस राहून येणार आहे म्हणून. मला बहीण नाही हो. भाऊही नाही. आई गेली तेव्हापासून माझं असं कुणीच नाही, आणि हे त्यांना लग्नाआधीच माहीत होतं. उलट तेच खोदून खोदून विचारलं होतं त्यांनी तेव्हा. मला वाटलं, काळजीनं विचारतायत.

पोलिसांत काय सांगू? मालिकेत बघितलं म्हणून? हसतील. तुम्ही सांगितलंत तर नाही हसणार. तार तुमची, ओळख तुमची. म्हणून तिचा चष्मा आता इथेच राहू दे, माझ्या पिशवीत नको. आणि माझ्या चष्म्याच्या नव्या काचा घ्यायला मीच येईन. दुसरं कुणी आलं, माझं नाव सांगून आलं, तरी द्यायच्या नाहीत. उलट तेव्हा दुकान बंद करायचं आणि सरळ — काय? येतायत? रस्ता ओलांडला? आत टाका तो. ड्रॉवरमध्ये, लवकर. माझे डोळे तपासताय तुम्ही. ती अक्षरांची पाटी लावा.

खालची ओळ नाही दिसत, डॉक्टर. वरची दिसते.

या. झाला का बूट? छान शिवलाय. हो, वाढलाय नंबर, थोडासाच. नाही, गप्पा कसल्या, मालिकेचं सांगत होते त्यांना, त्यांनी बघितलीच नाही कधी. फ्रेम हीच ठेवतेय, काचा तेवढ्या बदलायच्या. कधी मिळतील? ऐकलंत, चार-पाच दिवस म्हणतायत. तुम्हीच याल न्यायला? कशाला उगाच तुम्हाला खेप — बरं, बघू. काय? चष्मा आत्ताच काढून देऊ इथे? हात धरून नेता म्हणता घरी. फाटकापर्यंत काय, आतपर्यंत.

नको. काचा आल्या की मी येईन आणि इथे बसून बदलून घेईन. हसू नका, मी चष्मा काढत नाही. हातही नको धरायला. तुम्ही पुढे व्हा, मी मागून येते. पुढे व्हा म्हटलं ना. मला दिसतंय.