नायिकेच्या चष्म्याचा नंबर

...नाही, मला सांगा, दोन तारे? दोन? आणि बाईंनी खाली लिहिलंय काय, तर पुस्तक प्रवासात वाचायला घेतलं, विमानतळावर विसरले, कुणी परत आणून दिलं नाही, सबब दोन तारे. आता यात माझी काय चूक? मी जाऊन बसायला हवं होतं का विमानतळावर, पुस्तकाची राखण करत? पण नाही, मत आहे बुवा! वाचकाचं मत! त्यापुढे कुणाचं काही चालत नाही.

तुम्हाला सांगतो, मी साधा चष्म्याच्या दुकानाचा माणूस. तेवीस वर्षं लोकांचे डोळे तपासतोय, फ्रेमचे स्क्रू आवळतोय, चष्म्यावर बसून आलेल्यांची समजूत काढतोय. आणि अशा माणसाने कादंबरी लिहावी, तीही कसली, तर हलकीफुलकी, विनोदी, प्रेमाची! दुपारी दोन ते चार दुकानात चिटपाखरू नसतं, त्या वेळात काउंटरखाली वही धरून दोनशे चाळीस पानं लिहिली. प्रकाशक म्हणाला, झकास आहे, पण पुरुषाच्या नावावर असली गोष्ट कोण घेणार, बाईचं नाव टाकू. टाकलं. म्हणजे आता मी घरात नवरा, दुकानात साहेब आणि पुस्तकावर बाई.

का लिहिली विचाराल तर... हसू नका हं. आमची ही असली पुस्तकं वाचते ना, तेव्हा खदाखदा हसते. आतल्या खोलीतून आवाज येतो मला. लग्न झालं तेव्हा माझ्या बोलण्यावर तशी हसायची. मग ते थांबलं. कधी थांबलं तेही सांगता येणार नाही, कारण माझं लक्षच नव्हतं. तर म्हटलं, एकदा, फक्त एकदा ती माझ्या वाक्यावर तशी हसली पाहिजे. ती हसली की सांगायचं, अगं, ती लेखिका म्हणजे मी. एवढ्यासाठी हा सगळा उपद्व्याप!

आणि मिळालं काय? मतं! एका गृहस्थांनी पाच तारे दिले. मी हरखलो, गिऱ्हाईक तसंच सोडून वाचायला लागलो, तर म्हणतात, बायकोसाठी घेतलंय, मी वाचलेलं नाही, बायकोनेही वाचलेलं नाही, पण कागद उत्तम आहे. दुसऱ्या बाई म्हणतात, शेवटी दोघांचं जमणार हे आधीच कळतं. अहो बाई, मुखपृष्ठावर दोघं हातात हात घालून उभे आहेत, तुम्हाला काय वाटलं, शेवटी खून होणार? तिसऱ्यांची तर कमालच. विनोदी म्हणून घेतली, चार पानं झाली तरी हसू आलं नाही, म्हणून मिटून ठेवली. आता पहिली चार पानं म्हणजे पुस्तकाचं नाव, प्रकाशकाचा पत्ता आणि अनुक्रमणिका! पत्त्यावर काय गुदगुल्या करू तुम्हाला? पण मत आहे बुवा!

बरं, ही बाहेरची माणसं झाली. घरचं ऐका. हिचा एक वाचनगट आहे, ही आणि पाच मैत्रिणी. महिनाभर सगळ्या एकच पुस्तक वाचतात आणि पहिल्या रविवारी आमच्या बैठकीच्या खोलीत बसून ते सोलतात. माझ्याकडे चहा. तर या महिन्याला त्यांनी पुस्तक निवडलं माझं! मी काही केलं नाही, शपथ. तीन आठवडे घरात टीव्हीशेजारी, हिच्या डोळ्यांसमोर राहील असं उभं करून ठेवलं होतं, इतकंच.

मग महिनाभर मी दाराला कान लावून. ही आत वाचतेय, पान उलटल्याचा आवाज येतोय, आणि पुढे? पुढे काही नाही. हसणं सोडा, साधं हुंकारणं नाही. मध्येच मी काहीतरी शोधायच्या निमित्ताने आत जायचो, तर ही पुस्तक हातभर लांब धरून, कपाळ चोळत बसलेली. मला वाटलं, माझ्या विनोदाने कपाळाला आठ्या पडल्या.

रविवार उजाडला. मी ट्रे घेऊन हजर. गटात एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, त्या पुस्तक लाल पेन घेऊन वाचतात आणि शंभरपैकी गुण देतात. मला बेचाळीस. वर शेरा काय, तर लेखिकेला पुरुष कळत नाहीत! आणि मी, पन्नाशीचा पुरुष, मिशीसकट, त्यांच्याच कपात चहा ओततोय. गटातल्याच बँकेतल्या एका बाईंनी मान डोलावली. मग आमची ही बोलली.

"नायक फारच अशक्य आहे," म्हणाली. "ती नुसता कपाळाला हात लावते आणि हा लगेच विचारतो, डोकं दुखतंय का? असं विचारणारा माणूस असतो का कुठे?"

सहाजणी माझ्याकडे बघायला लागल्या. आता अशा वेळी माणसाने काय बोलावं? मी विचारलं, साखर कमी झालीय का?

पण खरा घाव पुढेच होता. माझा नायक पोहण्याचा शिक्षक. नायिकेचा चष्मा तलावात पडून फुटतो, तर हा गुपचूप नवा करून आणतो आणि लग्नाची मागणी घालताना तिच्या चष्म्याचा नंबर तोंडपाठ म्हणून दाखवतो. उजवा मायनस सव्वादोन, डावा मायनस पावणेतीन, जवळचा प्लस सव्वा. आता हा नंबर मी आणला कुठून? हिचाच की! दुसरा पाठच नाही मला. आणि मुख्याध्यापिका बाई शांतपणे म्हणतात, नायिका सव्वीस वर्षांची आहे ना, मग तिला जवळचा नंबर कसा? सव्विसाव्या वर्षी चाळिशी लागली का पोरीला? इथे मी दहा गुण कापले, म्हणाल्या.

मेलो! तेवीस वर्षं चष्मे विकतोय आणि ऐन प्रेमात पडलेल्या पोरीला चाळिशी लावून ठेवली! पाचजणी खिदळल्या. ही नाही हसली. हिने पर्स उघडली, आतून एक कार्ड काढलं, बघितलं, परत ठेवलं आणि मला म्हणाली, बिस्किटं संपलीत. मत आहे बुवा, बिस्किटांबद्दलसुद्धा!

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला ही दुकानात हजर. कधी येत नाही. आली ती थेट तपासायच्या खुर्चीत बसली, मांडीवर पुस्तक, वर ते कार्ड. माझ्याच अक्षरातलं, चष्मा देताना मीच दिलेलं.

"हा नंबर माझा आहे," म्हणाली.

तुम्हाला सांगतो, छाती अशी फुगली! कळलं हिला! मी म्हणणार, अगं, ती लेखिका...

"चार वर्षांपूर्वीचा," ही म्हणाली. "सहा महिने डोकं दुखतंय माझं. तुमच्या नायकाला एका पानात कळलं. तुम्हाला?"

गावभरच्या लोकांना दर वर्षी डोळे तपासा म्हणून सांगतो मी, भिंतीवर पाटी लावलीय तशी, आणि घरची बाई हात लांब करकरून वाचतेय ते दिसलं नाही मला. चुकलो, म्हटलं, साफ चुकलो. तिथेच बसवून डोळे तपासले. जवळचा प्लस दोन निघाला. तिला म्हटलं, आता खरं सांग, पुस्तक कसं वाटलं? तर म्हणते, काय सांगू, निम्मी अक्षरं लागतच नव्हती, अंदाजाने वाचलं, पण गोड वाटलं. गोड! त्या एका शब्दावर मी दोन दिवस काढले. काचा स्वतः घासल्या, स्वतः बसवल्या. म्हटलं, आता स्वच्छ दिसेल, आता प्रत्येक विनोद कळेल, आता हसेल.

हिने नवा चष्मा लावून पहिल्या पानापासून पुन्हा वाचलं. मी समोर स्टूलवर, श्वास रोखून. शेवटचं पान संपलं, पुस्तक मिटलं. आमच्या धंद्यात काच बदलली की विचारायचा एकच प्रश्न असतो, तो आपसूक तोंडून गेला. म्हटलं, आता बरं की आधी बरं?

ही म्हणाली, "आधी बरं होतं."

आणि हसली हो! खदाखदा, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, नवा चष्मा काढून ठेवावा लागला तिला. दोनशे चाळीस पानं खपून लिहिली मी, त्यात एकदा हसली नाही, आणि हसली ती स्वतःच्याच वाक्यावर!